जिवंत असेल तर आम्हाला बोलवा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला सांगितलं, तुमच्या सशांबद्दल बोला. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या दिवशी सशांवर भाषण? लोक हसतील. तर अध्यक्ष म्हणाले, हसू द्या, निदान जागे तरी राहतील. म्हणून उभा आहे. मी काही वक्ता नाही. माझे वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. संप काही मिटला नाही, घर मात्र मिटायला आलं, आणि आम्ही भिवंडीला आलो. नववीत शाळा सुटली. तेव्हापासून मी सायझिंगमध्ये आहे. सुताला खळ लावायची, वाळवायचं, बीमवर गुंडाळायचं. पुढं ते बीम मागावर जातं. जे काही वाचलं ते रात्रपाळीत, बॉयलरच्या उजेडात वाचलं. त्यामुळे बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

आमच्या मंडळीला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, बॅनर नाही. दहा-बारा जण आहोत. दोघं मागावर, तिघं गोडाऊनमध्ये माल चढवणारे, एक रिक्षावाला, दोन कॉलेजच्या मुली, बाकी येऊन-जाऊन. वस्तीतली पोरं आम्हाला 'ससेवाले' म्हणतात. तेच नाव पडलं.

सुरुवात झाली २०२० साली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, भिवंडीचे माग बंद पडले. ज्या गावात रात्री सुद्धा खटखट थांबत नाही तिथं अशी शांतता की कानाला त्रास व्हायचा. उत्तरेकडचे कामगार बिऱ्हाड डोक्यावर घेऊन नाशिक हायवेनं चालत निघाले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या विहारातूनही त्यांना पाणी-भाकरी दिली गेली. माणसं गेली, पण खोल्यांत मागे काही काही राहिलं. आमच्या सायझिंगच्या मागच्या खोलीत कोणी एक खोका ठेवून गेला होता. वर जाळी, आत दोन पांढरे ससे, आणि तिसरा मेलेला. शेजारी मूठभर भिजवलेले चणे होते. म्हणजे जाणाऱ्यानं निष्काळजीपणे टाकले नव्हते हो. त्याच्या पोरांचे असतील. तो स्वतःच उपाशी चालत निघाला होता, ससे कुठं घेऊन जाणार? मी त्याला कधी दोष दिला नाही. दोन ससे घरी आणले. बायकोनं डोक्याला हात लावला. आधीच रेशनची चिंता, त्यात हे पाहुणे.

तो काळ गेला, पण ससे यायचे थांबले नाहीत. आता जे येतात ते गरिबीपायी टाकलेले नसतात. एप्रिल-मेच्या सुट्टीत पोरगं हट्ट करतं, बाप बाजारातून जोडी आणतो. दुकानदार सांगतो, दोन्ही नर आहेत, काळजी नको. लहानपणी सशाचा नर-मादी ओळखणं दुकानदारालाही जमत नाही, हे लक्षात ठेवा. मादी चार-पाच महिन्यांत वयात येते. एकतीस दिवसांत विते, पाच-सहा पिल्लं देते, आणि व्याल्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. एप्रिलला आणलेले दोन गणपतीपर्यंत चौदा होतात. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा ससे! मग एका रात्री गोणीत भरून कामवारीच्या काठी, नाहीतर वऱ्हाळा तलावाजवळ सोडून देतात. मनाला समजावतात की निसर्गात सोडले, सुखी राहतील.

बंधूंनो, इथंच मोठी फसगत आहे. आपण घरी पाळतो तो ससा आणि आपल्या माळावरचा ससा हे एक नव्हेत. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणाऱ्या जातीचा. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला. त्याला कुत्रा कळत नाही, घार कळत नाही, पांढरा रंग म्हणजे लांबूनच दिसणार. तलावाच्या काठी सोडलेला ससा आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाला तर मिळाला, तिसऱ्या दिवशी नुसते केस मिळतात. आणि समजा जगला, वाढला, तर ती वेगळीच आपत्ती. ऑस्ट्रेलियात १८५९ साली एका जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी चोवीस ससे सोडले. पुढं त्यांनी तिथली कुरणं इतकी फस्त केली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारला शेकडो कोस लांब कुंपण घालावं लागलं.

आपला रानससा वेगळा. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडीबोडकी, मिटल्या डोळ्यांची, दहाएक दिवसांनी डोळे उघडणारी. हा फरक आम्हाला कळला तो तीन जीव गेल्यावर. पहिल्याच वर्षी पडघ्याच्या बाजूला गवतकापणी चालू होती. गवतात रानसशाची तीन पिल्लं दिसली, आई नाही. आमची पोरं आनंदानं उचलून घेऊन आली. गाईचं दूध, ड्रॉपर, सगळा सोहळा. चार दिवसांत तिन्ही गेली. नंतर परळच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आई नव्हती असं तुम्हाला वाटलं. ती दिवसा पिल्लांजवळ येतच नाही, आली तर कोल्ह्या-कुत्र्याला पत्ता लागेल. तिन्हीसांजेला येते, दोन-चार मिनिटं पाजते, निघून जाते. म्हणजे आम्ही वाचवायला गेलो आणि आईच्या हातातून लेकरं चोरून आणली. आता तसा निरोप आला तर आम्ही सांगतो, जखम नसेल तर हात लावू नका, तेवढा पट्टा सोडून गवत कापा, संध्याकाळी लांबून बघा. आणि रानससा घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो संरक्षित आहे.

दुसरी चूक माझी एकट्याची. एक टाकलेली मादी आमच्याकडे व्याली. पिल्लांना ऊब हवी म्हणून मी सायझिंगमधून वेस्टेज सुताचा गोळा आणून खोक्यात घातला. मऊ, कोरडं, फुकट. मला वाटलं, याहून चांगली गादी कुठली? सकाळी पाहिलं तर दोन पिल्लांच्या पायाला धागा गुंडाळला होता. पाय सुजून काळे पडलेले. एकाचा पाय गेला, एक पिल्लू गेलं. आयुष्यभर सूत हाताळणारा मी. धागा कसा आवळतो हे मला कळू नये? कबुतरांच्या, सांळुक्यांच्या बोटांना आपल्या भिवंडीत किती सूत अडकलेलं असतं ते एकदा बघा. निम्म्या पाखरांना बोटं पुरी नसतात. आता आम्ही फक्त सुकं गवत घालतो. मादी आपल्या पोटाचे केस उपटून वर घालते, तेवढं पुरतं.

ज्यांच्या घरी आधीच ससा आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगतो, मग पुढं जातो. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजायला गवत लागतं, दिवसभर गवत. चित्रातलं गाजर विसरा, ते त्याला मिठाईसारखं, कधीमधी तुकडा. पाव, बिस्किट, भात बिलकुल नाही. सकाळी खाल्लं नाही, संध्याकाळीही खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर उद्यावर टाकू नका. त्याचं आतडं थांबलं म्हणजे जीव थांबला. माणसाचं औषध देऊ नका. आपल्या पोरांचं गुलाबी अँटिबायोटिक सिरप असतं ना, अमॉक्सिसिलीनचं, ते पोटात गेलं तर ससा मरतो. कान धरून उचलू नका. मागचे पाय मोकळे लोंबकळले तर तो अशी लाथ मारतो की स्वतःचाच कणा मोडतो. आणि आपली घरं पत्र्याची. मे महिन्यात पत्र्याखाली माणूस शिजतो तिथं हा केसाळ जीव काय करणार? त्याला घाम येत नाही. ओलं गोणपाट टाका, पाण्याची बाटली बर्फ करून शेजारी ठेवा. नर-मादी वेगळे ठेवा. ऑपरेशन करून घेता आलं तर उत्तमच, पण ते सशाची माहिती असलेल्या डॉक्टरकडेच करा.

आता सशांवरून सापांवर आलो कसा, ते सांगतो. लोकांना वाटलं, हे लोक जनावरं उचलतात, तर यांना कशालाही बोलवा. भिवंडीभोवती गोडाऊन किती झाली ते तुम्ही जाणताच. पूर्वी भातखाचरं होती तिथं आता पत्र्याची शेडं आहेत. माल आला की उंदीर येतात, उंदरामागे धामण येते, नाग येतो. घोणस येते. आमच्यातला कोणी शिकलेला सर्पमित्र नव्हता. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय साप पकडणं गुन्हा आहे, हे तेव्हा आम्हाला धड माहीतही नव्हतं. पोरांना मात्र चेव चढला. मोबाइलवर व्हिडिओ टाकायचे, लोक वा वा करायचे. एका गोडाऊनमध्ये आमच्यातल्या एका मुलानं घोणस धरली. धरली ती धरली, दुसऱ्याला म्हणाला, जरा नीट शूटिंग कर. घोणशीनं मान वळवली आणि बोटाला घेतलं.

रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेला. वाटेत एक जण म्हणाला, वर दोरी आवळा, चिरा देऊ या. मी त्याच्यावर ओरडलो, काही करू नका, हात हलवू नका. त्या रात्री इंजेक्शनच्या कुप्या एकामागून एक चढल्या. मुलाची आई बाकड्यावर बसून होती. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलगा वाचला, बोटाचं पुढचं पेर गेलं. आज तो इथंच मागे उभा आहे, लाजू नको रे. त्या दिवसापासून आमच्यात साप कोणी धरत नाही. आम्ही काय करतो? माणसं लांब करतो, एक जण सापावर नजर ठेवतो, आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरावर किंवा परवाना असलेल्या सर्पमित्राला फोन करतो. दोन पोरं नाराज होऊन सोडून गेली. त्यांना सापच हवे होते, सशांच्या लेंड्या काढायच्या नव्हत्या. जाऊ द्या.

भन्तेजींनी एकदा सांगितलं होतं, भगवंताच्या काळात एक भिक्खू साप चावून गेला, तेव्हा भगवंतांनी सर्पकुळांवर मैत्रीभावना करायला शिकवली. ती भावना जरूर करावी. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यापैकी कोणीही चावलं तर त्यावर लस सरकारी दवाखान्यात आहे. मांत्रिकाकडे गेलेली वेळ परत येत नाही.

मांत्रिकावरून आठवलं. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, तरी आपल्याच वस्तीत एका घरात काचेच्या पेटीत चांदणी कासव निघालं. का, तर लक्ष्मी टिकते. दुसऱ्या एकानं मला 'हत्था जोडी' दाखवली. लाल कपड्यात गुंडाळलेली, कुठल्या तरी झाडाची दुर्मिळ मुळी म्हणून विकत घेतलेली. ती मुळी नसते हो. घोरपडीच्या नराचं लिंग कापून वाळवलेलं असतं ते. त्या गृहस्थाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मांडूळ दोन तोंडांचं म्हणून लाखोंचे सौदे करतात. त्याला तोंड एकच, दुसरीकडे बोथट शेपूट. बिनविषारी, शेतकऱ्याचा मित्र. गोडाऊनमधल्या घुबडाला दिवाळीच्या सुमारास जपावं लागतं, तेही याच कारणासाठी. सौदा करणारे तुरुंगात जातात, आणि दलाल नेहमी गरिबाच्या पोराच्याच हातात पिशवी देतो. आपल्या पोरांना सांभाळा.

आता जे बोलायला खरं म्हणजे मी उभा राहिलो ते बोलतो. तीनेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका सोसायटीतून फोन आला. आवारात जनावर पडलंय, लवकर या. दोन पोरं धावत गेली. कुत्रं होतं, मेलेलं, दोन दिवसांचं. पोरं म्हणाली, हे मेलंय, महापालिकेला कळवा. तर तिथला एक शिकलासवरला माणूस हसत म्हणाला, तुम्ही लोकच उचलता ना, तुमचंच काम आहे हे. पोरांनी उचललं आणि टाकून आली. पन्नास रुपये दिले त्यानं.

रात्री पोरं गप्प होती. मला कळल्यावर माझा संताप झाला, पण त्याहून जास्त संतापले आपल्या वस्तीतले जुने लोक. एक म्हातारे बाबा, आज हयात नाहीत, माझ्या दारात आले आणि म्हणाले, "माझ्या बापानं मेलेली ढोरं ओढली. बाबासाहेबांनी आम्हाला त्यातून काढलं. गावानं बहिष्कार टाकला तरी आम्ही परत हात लावला नाही. आणि तू आमच्या नातवांना परत तिथंच नेऊन उभं केलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, आणि पुढं ढोरं ओढायचं कामही आपल्या लोकांनी झुगारलं, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं वेगळं आणि त्या बाबांचे थरथरणारे हात बघणं वेगळं. मी मंडळी मोडायचीच असं ठरवलं होतं.

मोडली नाही ती त्या कॉलेजच्या मुलींमुळे. त्या म्हणाल्या, काका, मेलेलं ओढायला लावलं ते हुकमानं. आपण जिवंत वाचवतो ते आपल्या मर्जीनं. दोन्ही एक कसं? आपण नियम करू. तो नियम त्याच रात्री झाला. जिवंत असेल तर आम्ही येऊ, कोणाच्याही दारात येऊ. मेलं असेल तर महापालिकेचं काम, आम्ही येणार नाही. पैसे कोणाकडून घेणार नाही, कारण पैसे घेतले की हुकूम येतो. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, जिवंत आहे का? यावर आम्हाला शिव्या पडल्या. पडू द्या. त्या म्हाताऱ्या बाबांना मी नियम वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. पण आठ दिवसांनी नातवाच्या हाती दोन गोण्या सुकं गवत पाठवून दिलं.

दुसरा प्रश्न नेहमी येतो, माणसं मरतायत आणि तुम्ही ससे काय वाचवता? प्रश्न खोटा नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे आपल्या भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली, पस्तीसहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. एनडीआरएफचे जवान ढिगारा उपसत होते, आमची पोरं त्यांना पाणी पोचवत होती. त्यानंतर महिनाभर मला सशांकडे बघवेना. बारा बारा तास उभं राहणारा कामगार, ना प्रॉव्हिडंट फंड ना रजा, त्याची चिंता आधी का नको? मी युनियनमध्येही आहे, तिथंही हेच बोलतो.

पण एक गोष्ट मला वाचनात मिळाली. आपल्या जवळच सोपारा आहे. तिथं १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा सापडला १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. त्या नवव्या लेखात अशोक म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात नाना विधी करतात, त्यांचा उपयोग थोडा. खरा विधी कोणता, तर दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा आदर आणि प्राणिमात्रांबाबत संयम. नोकर आणि प्राणी एकाच लेखात, जवळ जवळ. त्यानं माणूस आधी की जनावर आधी अशी रांग लावलेली नाही. माझं शंकासमाधान पुरतं झालं असं म्हणणार नाही, पण त्यानंतर मी पुन्हा गवत आणायला लागलो.

बालमित्रांनो, तुम्हाला ससजातकाची गोष्ट भन्तेजींनी सांगितलीच आहे. दारी आलेल्या याचकाला द्यायला काही नाही म्हणून ससा स्वतः आगीत उडी घेतो. त्यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. उडी मारण्याआधी तो तीनदा अंग झाडतो, आपल्या केसांत एखादा किडा असेल तर तो जळू नये म्हणून. आमच्याकडे येणाऱ्या सशांच्या कानात खरजेचे किडे असतात, त्यांना मारायला आम्ही डॉक्टरकडून इंजेक्शन देतो. बोधिसत्त्वाला ते पटलं असतं का, हा विचार मी रात्रपाळीत पुष्कळ वेळा केला आहे.

शेवटी कामाचं. संक्रांतीला नायलॉनचा मांजा आणू नका. २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची देशभर बंदी आहे, तरी चोरून विकला जातो. घारी, वटवाघळं, बगळे त्यात पंख कापून लटकतात. पक्षी लटकलेला दिसला तर ओढू नका, दोरा दोन्हीकडून कापा, पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी तोंडात ओतू नका, आणि आम्हाला कळवा.

विहाराच्या मागची पडवी पावसाळ्यापुरती सशांसाठी द्यावी असा अर्ज मी समितीकडे दिला आहे. काहींना वास येईल अशी भीती आहे, ती रास्त आहे. आम्ही रोज दोन वेळा झाडू, न झाडल्यास बाहेर काढावं. सध्या आमच्याकडे नऊ ससे आहेत, त्यातला एक तीन पायांचा, तो कोणाला देणार नाही, तो माझा आहे. बाकी आठ द्यायचे आहेत. पण आज कोणी मागू नका, आज सगळे खुशीत आहात. रविवारी सकाळी वंदनेनंतर या. आधी आई-बापांनी एकटं यावं, पोरांना पुढच्या रविवारी आणावं. मधल्या आठ दिवसांत घरात गवत कुठून येणार आणि गावी गेल्यावर ससा कोण बघणार, एवढं ठरवून या.

जयभीम. नमो बुद्धाय.